शेवटचा येईपर्यंत

धावायला कुणाची सोबत लागत नाही. मैदान लागत नाही, नेट लागत नाही, समोर प्रतिस्पर्धीही लागत नाही. बूट चढवायचे, दार ओढून घ्यायचं आणि निघायचं. मग त्यासाठी क्लब काढायचा, त्याची वर्गणी भरायची, सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट करून घ्यायचे आणि हक्काच्या सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे नाक्यावर जमायचं, हा खटाटोप कशासाठी? रनिंग क्लबात जाणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी हे कधी ना कधी विचारलेलं असतं आणि बहुतेकांनी ‘तुला नाही कळायचं’ म्हणून वेळ मारून नेलेली असते. वाचकांच्या हाती असलेलं हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर आहे.

उत्तर तसं साधं आहे. एकट्यानं धावायला सुरुवात करणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. आपण सगळेच आरंभशूर. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला किंवा शेजाऱ्याच्या गळ्यात मेडल दिसलं, की आठवड्याभरात नवे बूट घरात येतात आणि महिन्याभरात चपलांच्या स्टँडच्या मागच्या रांगेत जातात. पाचचा गजर बंद करून कूस बदलणं फार सोपं असतं. पण नाक्यावर तिघंजण आपली वाट बघत उभे आहेत हे माहीत असलं, की त्याच अंथरुणात पडून राहणं जड जातं. क्लबचा सगळा डोलारा या संकोचावर उभा आहे. प्रेरणा, इच्छाशक्ती वगैरे शब्द बक्षीस समारंभातल्या भाषणांत ठीक. प्रत्यक्षात माणूस उठतो तो ‘सगळे आलेत, तू कुठं आहेस?’ या फोनच्या धाकानं.

वेगानं कसं धावावं हे सांगणारी पुस्तकं बाजारात भरपूर आहेत. हे त्यातलं नव्हे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या, प्रायोजक मिळवलेल्या, पगारी प्रशिक्षक ठेवलेल्या गटांबद्दलही ते फारसं बोलत नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावातले, बँकेतला कारकून, भूलतज्ज्ञ, माध्यमिक शाळेतल्या बाई, हार्डवेअरचा दुकानदार आणि निवृत्त फौजदार अशांनी मिळून चालवलेले क्लब हा त्याचा विषय. एरवी ही माणसं एका पंगतीला बसण्याची शक्यता कमीच. वर्षभर एका रस्त्यावर घाम गाळल्यावर ती एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगत वाढताना दिसतात, आणि कुणाला मध्यरात्री रक्त लागलं तर ब्लड बँकेच्या दारात तीच पहिली पोचतात.

महाराष्ट्राला क्लब काढून धावण्याचं फार अप्रूप वाटायचं कारण नाही. भारताचा संघ ऑलिम्पिकला गेला त्याची सुरुवातच पुण्यातल्या एका क्लबच्या मैदानावर झाली. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष. १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. धावणारे बरेचसे शेतकरी होते, अनवाणी होते, आणि धावण्याचं तंत्र म्हणून त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी ठेवण्यासारख्या निघाल्या. दोराबजींनी पदरमोड केली, खटपट केली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून धावपटू आणि पैलवान गेले. त्यांतल्या दोघांनी, फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार यांनी, मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. बेळगावकडचे चौगुले १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ किलोमीटरची नव्हती, ४२.७५ किलोमीटरची होती. म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर जास्तीचं. आज क्लबातला कुणी फुल मॅरेथॉन तीन तासांच्या आत आणतो तेव्हा त्याचा जाहीर सत्कार होतो, आणि तो व्हावाच. मात्र त्याच्या पायात कार्बन प्लेटचे बूट असतात, मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ असतं आणि कमरेच्या पट्ट्यात जेलची पाकिटं असतात, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

चौगुले हे शर्यतीचे धावपटू. हौशी, पोट सुटलेल्या माणसांनी प्रकृतीसाठी एकत्र जमून धावायचं ही कल्पना त्यानंतर चाळीस वर्षांनी रुजली, आणि तीही न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड हे तिथले नावाजलेले प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गनं ५००० मीटरमध्ये, एकाच दिवशी तासाभराच्या अंतरानं सुवर्णपदकं मिळवली. एवढा मोठा प्रशिक्षक पुढं हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन गृहस्थांना हळूहळू धावायला लावू लागला. बोलता येईल इतक्याच वेगानं धावा, हा त्यांचा नियम. दम लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये अशा लोकांचा जॉगर्स क्लब निघाला.

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियार्डना भेटायला गेले आणि या मंडळींबरोबर रविवारी टेकडीवर धावायला निघाले. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन स्वतःला तंदुरुस्त समजत होते. चढावर ते मागे पडले. पुढच्या घोळक्यातला एक सत्तरी उलटलेला माणूस, ज्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, तो त्यांच्यासाठी मागे राहिला आणि गप्पा मारत मारत त्यांना शेवटपर्यंत घेऊन गेला. बॉवरमन घरी परतले ते हे वेड घेऊनच. त्यांनी आपल्या गावात लोकांना जमवून धावायला लावलं, १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीनं ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक काढलं, आणि ते पुस्तक अमेरिकेत तडाखेबंद खपलं. पुढं नायकी म्हणून जगभर पसरलेल्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी हे एक, म्हणून त्यांचं नाव आज लोकांना ठाऊक आहे. मला विचाराल तर या गोष्टीतला खरा माणूस तो मागे राहिलेला म्हातारा. रनिंग क्लब म्हणजे काय हे त्यानं करून दाखवलं.

२००४ साली दोन गोष्टी घडल्या. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, हजारोंच्या गर्दीनं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कमध्ये एका शनिवारी सकाळी १३ जण पाच किलोमीटर धावले. शुल्क नाही, मेडल नाही, दर शनिवारी तीच वेळ. या १३ जणांच्या धावण्यातून पुढं पार्करन नावाची चळवळ अनेक देशांत पसरली. तिथली एक पद्धत मला फार आवडते: सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक चालत येतो, म्हणजे शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच लागतो आणि कुठल्याही नवख्या माणसाला शेवटचं यावं लागत नाही.

आपल्याकडचे गावोगावचे क्लब मात्र मुंबईच्या ओढीनं निघाले, हे मान्य केलं पाहिजे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होत आली आहे, पण ती बराच काळ खेळाडूंची शर्यत म्हणूनच ओळखली गेली. सामान्य माणसानं रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मुंबईनं त्या बघ्यांना रस्त्यावर उतरवलं. जानेवारीतला तो रविवार जवळ यायला लागला की सांगलीपासून नांदेडपर्यंतच्या माणसांना पेडर रोडचा चढ आणि मरीन ड्राइव्हवरचं ऊन यांची स्वप्नं पडू लागली. तिकडे जायचं तर तयारी हवी, तयारीला सोबत हवी, आणि सोबत जमली की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतोच. बऱ्याच क्लबांची स्थापना ही अशी, घटना आणि नोंदणी क्रमांक नंतर.

साताऱ्यानं पुढचं पाऊल टाकलं. मुंबईला जाण्याऐवजी मुंबईला आपल्याकडे बोलवायचं ठरवलं. २०१२ साली सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉननं शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि वळून त्याच वाटेनं उतरायचं, असा मार्ग आखला. पावसाळा सरत असतो, घाटात ढग उतरलेले असतात, समोरच्याची पाठ दिसेनाशी होते. या शर्यतीला गिनीजची नोंदही मिळाली. पण गावाच्या दृष्टीनं नोंदीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवशी पेठांतल्या बायका दारात उभ्या राहून परगावच्या अनोळखी माणसांना ओरडून प्रोत्साहन देतात, ढोल वाजतात, शाळेची पोरं पाण्याचे ग्लास पुढं करतात. हॉटेलं महिनाभर आधी भरलेली असतात. हे सगळं पेलायला लागणारे शेकडो हात कुठल्या इव्हेंट कंपनीचे नसून गावचेच असतात. सातारच्या यशानंतर घाट असलेल्या आणि नसलेल्याही गावांनी हाफ मॅरेथॉन भरवल्या. काही टिकल्या, काही फलकावरच्या पुढाऱ्याच्या निवडणुकीबरोबर संपल्या.

शर्यती हा क्लबचा सणवार झाला. त्याचा रोजचा संसार बघायचा असेल तर रविवारच्या लाँग रनला जावं.

पहाटे सव्वापाच. चौकातला सोडियमचा दिवा आणि बंद पेट्रोल पंप. अंधारात कोण आलं ते चेहऱ्यावरून कळत नाही, खोकण्यावरून आणि बुटांच्या आवाजावरून कळतं. एकजण डोकी मोजतो. ही जबाबदारी वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे असते आणि तो बहुधा स्वतः फार वेगवान नसतो. वॉर्म-अप होतो, त्यात चेष्टामस्करी जास्त. मग गट पडतात. साडेपाचवाले पुढं, साडेसहावाले मधे, आठवाले मागे. म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं. नव्या माणसाला कुणी त्याचा पगार किंवा आडनाव विचारत नाही, ‘तुमची पेस काय?’ एवढंच विचारतात. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, दोनच्या वर एका रांगेत नाही, कानात इयरफोन नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर आला की पुढचा ‘गाडी!’ म्हणून ओरडतो आणि ती आरोळी मागेपर्यंत पोचवली जाते. कुत्र्यांचे टापू सगळ्यांना पाठ असतात. तिथं धावायचं नाही, बोलत बोलत चालायचं, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही.

सातव्या-आठव्या किलोमीटरला कुणाची तरी गाडी उभी असते आणि तिची डिकी उघडी. पाण्याचा जार, इलेक्ट्रॉल कालवलेली बाटली, केळी, संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, शेंगदाण्याची चिक्की, गुळाचे खडे. ज्याची गाडी असते त्यानं त्या दिवशी धावायचं नाही, सगळ्यांना पाजून झाल्यावर कचरा गोळा करून घरी न्यायचा. ही पाळी ठरलेली असते. मी तर म्हणेन की एखादा क्लब किती मुरलेला आहे हे त्याच्या वेळांवरून ओळखू नये, डिकीची पाळी किती जण कुरकुर न करता घेतात यावरून ओळखावं.

ठरलेल्या खुणेला वळसा घालून सगळे परततात. जे आधी पोचतात ते पाणी पिऊन पुन्हा उलट दिशेला निघतात, शेवटच्याला आणायला. शेवटी असतो तो बहुधा नवा भरती झालेला, नव्वद किलोचा, आज पहिल्यांदा पंधरा किलोमीटर पुरे करणारा. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोघं धावू लागतात आणि काहीही न सांगता त्याच्या वेगाला आपला वेग जुळवतात. तो येईपर्यंत कुणी घरी जात नाही. मग गोल करून स्ट्रेचिंग, एक ग्रुप फोटो, आणि शेवटी मिसळ. ढोबळ हिशोबानं धावताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी जळते. सत्तर किलोचा माणूस एकवीस किलोमीटर धावला तर सुमारे दीड हजार. हा हिशोब क्लबात सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि दुसऱ्या तर्रीच्या समर्थनासाठी तो मांडला जातो.

आता थोडं घड्याळांविषयी, कारण त्यावरून जितकी भांडणं होतात तितकी वर्गणीवरूनही होत नाहीत. कुठल्याही प्रमाणित हाफ मॅरेथॉननंतर संध्याकाळी ग्रुपवर तक्रारी सुरू होतात: माझ्या घड्याळात २१.३ किलोमीटर आले, रूट चुकीचा मोजलाय, माझी दोन मिनिटं गेली. वस्तुस्थिती अशी की शर्यतीचा मार्ग उपग्रहानं मोजत नाहीत, सायकलनं मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे पक्के करतात, आणि मग वळणाच्या आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, माणसाला धावता येईल अशा सगळ्यांत जवळच्या रेषेनं मार्ग मोजतात. वर पुन्हा दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे अंतर चुकूनही कमी भरू नये. आपण धावतो ते रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाण्याच्या टेबलाकडे वाकडी वाट करत, ओळखीचा दिसला की त्याच्याकडे जात. घड्याळाचीही आपली चूक असतेच, विशेषतः घाटात आणि उंच इमारतींत. मोजणाऱ्याला शिव्या देण्याआधी एवढं वाचावं. पुस्तकात या मोजणीवर स्वतंत्र टिपण आहे आणि ते ग्रुपवर जरूर फिरवावं.

‘गुडघे जातील’ ही घरोघरची भविष्यवाणी. ती बहुधा अशा माणसाकडून येते जो स्वतः जिन्यापेक्षा लिफ्ट पसंत करतो. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात हौशी धावकांमध्ये खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. मात्र त्याच विश्लेषणात स्पर्धात्मक, अतोनात धावणाऱ्यांचं प्रमाण १३.३ टक्के होतं, हा आकडा क्लबातले उत्साही लोक सोयीस्करपणे विसरतात. म्हणजे दर महिन्याला एक शर्यत, दर रविवारी नवा विक्रम अशी हाव धरणाऱ्यानं घरच्यांचं थोडं ऐकायला हरकत नाही. पाण्याचंही तसंच. कमी पाणी पिण्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी ढोसल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, हे क्लबातल्या डॉक्टरनं चहाच्या टपरीवर दहा वेळा सांगितलं की अकराव्यांदा पटतं. चाळिशीनंतर धावायला लागणाऱ्यानं आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, तापात धावू नये, छातीत कळ आली तर शर्यत सोडून द्यावी. हे नियम कुठल्याही पुस्तकात मिळतील. पण ‘आज तुझा चेहरा बरा दिसत नाही, बस गाडीत’ असं हक्कानं सांगणारा माणूस पुस्तकात मिळत नाही.

बायकांचं धावणं हे या पुस्तकातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं प्रकरण. बॉस्टन मॅरेथॉननं स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ साली आणि ऑलिम्पिकमध्ये त्यांची मॅरेथॉन आली १९८४ साली, म्हणजे हा सगळाच इतिहास ताजा आहे. आपल्या तालुक्याच्या गावात प्रश्न वेगळे. पहाटेचा अंधार, टवाळ पोरं, ‘या वयात ट्रॅक पँट?’ म्हणणाऱ्या शेजारणी, आणि सातला भरायचे तीन डबे. पुरुष मंडळी क्लबची वेळ पाच ठेवतात आणि बायका येत नाहीत म्हणून हळहळतात. ती वेळ डब्यांच्या वेळेशी भांडते हे त्यांच्या गावीही नसतं. जिथं बायकांनीच वेळ ठरवली, जिथं दोघी-तिघींनी एकमेकींच्या दारात जाऊन हाक मारायची पद्धत पाडली, जिथं परतताना प्रत्येकीला घरापर्यंत सोडलं जातं, तिथं त्यांची संख्या वाढली. पन्नाशीच्या एखाद्या काकू पहिली दहा किलोमीटरची शर्यत पुरी करून आल्या की त्यांच्या घरातली बोलण्याची पद्धतच बदलते. मुलगा चहा करतो. हे किरकोळ नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या झाकायचं कारण नाही. शर्यतीनंतर घाटात पडलेले प्लास्टिकचे ग्लास. पाकिटातून कधीच बाहेर न निघालेले, कपाट भरून साठलेले टी-शर्ट. अध्यक्ष कुणी व्हायचं यावरून एका क्लबचे दोन आणि दोनाचे तीन. दुसऱ्याच्या नावाच्या बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकावर, धावणं हा तर गुन्हाच मानावा. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायची जागा असते, आणि आयोजकांच्या यादीत त्या क्रमांकापुढे भलत्याच माणसाचं नाव असतं. रस्त्यात कोसळलात तर डॉक्टर त्याच्या घरी फोन लावणार. प्रवेश शुल्कही असं वाढत चाललंय की चार शर्यतींच्या पैशात एका मुलाचा वर्षाचा शाळेचा खर्च निघावा.

यातूनच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. क्लब ज्या रस्त्यावर पहाटे धावतो त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, आणखी एक जमात धावत असते: भरतीची पोरं-पोरी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कुणी लष्करात जायच्या ईर्ष्येनं धावत असतो. वॉर्म-अप नाही, धड बूट नाहीत, रोज त्याच डांबरावर पूर्ण वेगात धावायचं, नडगी दुखायला लागली की हळद लावायची आणि तरी धावायचं. आपण हौसेनं धावतो, ती पोटासाठी धावतात. दोन्हीकडचे एकमेकांना बघतात, फार तर मान हलवतात आणि पुढं जातात. महाराष्ट्राची धावण्यातली खरी पत ज्यांनी वाढवली ती माणसं या पोरांच्या गावांसारख्याच गावांतून आली आहेत, रविवारच्या लाँग रनमधून नव्हे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं. बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यावर शर्यतींकडे वळला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. डेक्कन जिमखान्यानं १९१९ साली अनवाणी शेतकऱ्यांना आपल्या मैदानावर धावू दिलं होतं, म्हणून ते कुणाच्या तरी नजरेत आले. आजच्या क्लबांनी आपल्या रस्त्यावरच्या पोरांकडे तेवढ्याच मोकळेपणानं बघावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी फंड लागत नाही, ट्रस्ट लागत नाही. क्लबात फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर आहे, एखादा निवृत्त क्रीडाशिक्षक आहे, घड्याळं आहेत, आणि सहाशे किलोमीटर झाले म्हणून बाजूला ठेवलेले, पण अजून वर्षभर सहज चालतील असे बूट आहेत. ज्या मुलाला नडगीचं दुखणं घेऊन भरतीच्या मैदानावर उतरावं लागतं त्याला तीन आठवडे आधी कुणीतरी ‘आठवड्यातून दोन दिवस हळू धाव’ एवढं सांगितलं असतं तरी फरक पडला असता.

तेव्हा क्लब चालवणाऱ्यांना एक विनंती करून ही प्रस्तावना संपवतो. येत्या हंगामात प्रत्येक क्लबनं आपल्या रस्त्यावरची निदान पाच मुलं-मुली बिनवर्गणीची घ्यावीत. वेळ त्यांच्या सरावाच्या वेळेशी जुळवून घ्यावी, डिकीतलं केळं त्यांनाही द्यावं, वार्षिक शर्यतीत त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये. आणि जो वाचक अजून धावतच नाही, त्यानं आधी फोन करून चौकशी करण्याच्या फंदात पडू नये. येत्या रविवारी सव्वापाचला आपल्या गावच्या नाक्यावर जाऊन उभं राहावं. बूट जुने असले तरी चालतील.